उवांचा नवा उपवंश मांडताय? आधी या चुका टाळा

पक्ष्यांच्या पिसांतल्या उवा बघायला बसलं की वर्षभरात प्रत्येकाला एक तरी ‘नवा उपवंश’ (म्हणजे एका वंशातला जातींचा वेगळा गट) सापडतो. त्यातले बहुतेक पिशवीत जन्मलेले असतात.

म्हणजे असं. एक हौशी संशोधक बुलबुलावरची लांब, सडपातळ ऊ घेऊन आला. नाव ठरलेलं, अर्थातच गाईडच्या आडनावावरून. आकृत्याही काढून झालेल्या. स्लाइड लावली, तर डोक्याच्या पुढच्या कडेला पात्यासारखे चपटे केस! विषय तिथेच मिटला: कोलंबिकोला, पारव्याच्या पंखातली ऊ. खोदून विचारल्यावर कळलं, त्याच कापडी पिशवीत आधी पारवा ठेवला होता. उवा शिवणीत दडून बसतात. आणि हे फक्त नवख्यांचंच होतं असं नाही. 1969 साली नामशेष प्रवासी कबुतरावरची म्हणून कॅम्पॅन्युलोटेस डिफेक्टस ही जाती मांडली गेली. यजमानासोबत तीही संपली, असं पुढे मानलं गेलं. 2000 साली उलगडा झाला: ती ऑस्ट्रेलियातल्या एका कबुतरावरची आधीच माहीत असलेली ऊ होती, लेबलाचा घोळ झाला होता.

माझा शिरस्ता: एक पक्षी, एक कागदी पिशवी, वापरली की फेकली. आणि तीच ऊ दुसऱ्या ठिकाणच्या त्याच जातीच्या पक्ष्यावर मिळेपर्यंत ‘नवीन’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

दुसरा मोह डोक्याच्या आकाराचा. पंखातल्या उवा लांबट, डोक्या-मानेवरच्या गोल आणि जाड. पक्षी चोचीने पिसं साफ करतो, त्यातून वाचायला हेच आकार वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हा पुन्हा घडले आहेत. आकार जुळला म्हणून नातं जुळत नाही. नराची जननेंद्रियं बघा, केसांची मांडणी बघा, डीएनए बघा. एकाच मादीच्या स्लाइडवर उपवंश उभा करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. याउलट 2019 साली सातभाईंच्या गोतावळ्यातल्या पक्ष्यांवरच्या उवांसाठी गुइमाराएसिएला वंशात चिक्किनेला हा उपवंश मांडला, तेव्हा सोबत 12 नव्या जाती आणि त्या ओळखायचा पायरीपायरीचा तक्ताही होता. शिवाय तुम्ही एक गट बाहेर काढल्यावर मागे उरलेल्या जाती एका घराण्याच्या राहतात का, हे कोणी तपासतच नाही.

बाकीच्या चुका पटापट. प्रकारजाती, म्हणजे उपवंशाचं नाव जिला बांधलेलं असतं ती जाती, ठरवायला विसरलात तर नाव बाद. 1930 नंतरच्या नावांना सूट नाही. तेच नाव एखाद्या फुलपाखराच्या किंवा माशाच्या वंशाला आधीच दिलेलं नाही ना, ते बघा. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आधी. उवांच्या पिल्लांवरून वर्णन नको.

स्लाइडसाठी ऊ आतून साफ करताना ती कॉस्टिक पोटॅशमध्ये (तीव्र अल्कलीत) घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळू नका. घाई असेल तर दुसरा विषय घ्या. मी ऊ त्यात रात्रभर तशीच ठेवतो, मग पाणी, अल्कोहोल, लवंग तेल आणि शेवटी स्लाइडवर चिकटवायला कॅनडा बाल्सम हा राळेचा डिंक. डीएनएसाठी ऊ चिरडू नका. डोकं आणि धड यांच्यामध्ये अर्धवट छेद द्या. अर्क निघाल्यावर कवच शाबूत राहतं, त्याचीच स्लाइड करा आणि तिच्यावर डीएनएच्या नळीचा नंबर लिहा.