नव्या शहरात ब्रँडेड कपडे स्वस्तात शोधताय? या चुका टाळा

नोकरीसाठी किंवा शिकायला शहर बदललं की लोक पहिल्याच सुट्टीला आउटलेट, म्हणजे ब्रँडचं सवलतीचं दुकान, गाठतात. घरातलं सामान अजून खोक्यांतून निघालेलं नसतं, पण ‘७० टक्के सूट’ची पाटी दिसली की पाय तिकडे वळतात. काही महिन्यांनी तोच शर्ट घेऊन विचारायला येतात, “हा ओरिजिनलच आहे ना?” बहुतेक वेळा असतो ओरिजिनल. पैसे तरीही वाया गेलेले असतात. त्याच त्या चुका बघून बघून आता लिहायला बसलेय.

शोरूम न बघता थेट आउटलेटमध्ये शिरणं

यात सर्वात जास्त पैसे जातात. आउटलेट म्हणजे शोरूममध्ये न खपलेला माल, असं बहुतेकांना वाटतं. एके काळी ते खरं होतं. कारखान्याला लागून असलेल्या दुकानात उरलासुरला माल निघायचा. आता आउटलेटमधला बराचसा माल खास आउटलेटसाठीच शिवला जातो. गॅप, बनाना रिपब्लिक, जे. क्रू या अमेरिकी ब्रँडांनी तर ‘फॅक्टरी’ नावाने वेगळी दुकानं थाटली आहेत आणि तिथला बहुतांश माल त्या दुकानांसाठीच बनतो. ही फसवणूक नाही, लेबल खरंच असतं. पण कापड हलकं असतं, शिवणकामात काटकसर केलेली असते, आणि टॅगवर खोडलेल्या ‘मूळ किमतीला’ तो नग कुठल्याच शोरूममध्ये कधी विकला गेलेला नसतो.

माझ्या मावसभावाने नव्या नोकरीसाठी एका मोठ्या ब्रँडचे पांढरे शर्ट असेच ढीगभर आणले. “ताई, अर्ध्याहून कमी किमतीत!” म्हणून खूश होता. आमच्या घरात त्याच ब्रँडचा शोरूममधून घेतलेला शर्ट होता. दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. शोरूमच्या शर्टाच्या कॉलरीतल्या, तिला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या काढता येत होत्या, त्याच्या शर्टात पट्ट्याच नव्हत्या. आमच्या शर्टाच्या बाहीला कफच्या वरच्या फटीवर छोटं बटण होतं, त्याच्या बाहीला ती फट नुसतीच उघडी. आमच्या शर्टाच्या बगलेची शिवण आतून दुमडून बंद केलेली, त्याच्या शर्टाला नुसती ओव्हरलॉक, म्हणजे उघड्या कडेवर दोऱ्याचे वेढे. टाके लांब लांब. कापड खिडकीपाशी धरलं तर मागची बोटं दिसत होती. तो म्हणाला, “पण लेबल तर तेच आहे की!” चार-सहा धुण्यांनंतर कॉलरवर बुडबुडे आले. आतलं चिकटवलेलं अस्तर सुटलं की असं होतं आणि मग कितीही इस्त्री फिरवा, कॉलर बसत नाही. तेवढ्या पैशांत बिनब्रँडचा उत्तम शर्ट आला असता.

माझी पद्धत अशी: नव्या शहरात आधी शोरूममध्ये जायचं, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, गर्दी नसताना. काही विकत घ्यायचं नाही. कापड हाताला कसं लागतं ते बघायचं, आपलं माप घालून बघायचं, आणि आतल्या लेबलवरच्या स्टाइल नंबरचा फोटो काढायचा. मग आउटलेट. तिथे तोच नंबर सापडला तर तो खराखुरा उरलेला माल; माप बसत असेल तर विचार करत बसू नका, उचला. या सगळ्याला एक सकाळ जाते. तेवढाही धीर नसेल, तर स्वस्तात चांगलं शोधण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सेकंड्समधला दोष न शोधता कपडा घेणं

सेकंड्स म्हणजे तपासणीत बाजूला काढलेला माल. त्यात दोष असतोच. दुकानात सापडला नाही तर घरी सापडतो. सूत जाड आलंय, बटण तुटलंय, टीप उसवलीय, एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. पण दोष कापण्यातला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण तो कुठलाच टेलर दुरुस्त करू शकत नाही.

जीन्सचंच घ्या. कापड तिरकं कापलं गेलं की पहिल्या धुण्यात पाय पिळतो आणि बाहेरची शिवण फिरून नडगीवर येते. म्हणून मी जीन्स काउंटरवर आडवी ठेवते, एक पाय सरळ करते आणि आतली नि बाहेरची शिवण दोन्ही कडांना आपोआप बसतात का ते बघते. ओढून बसवावी लागली तर परत ठेवून देते. शर्टाच्या बाह्या एकावर एक ठेवून लांबी जुळवायची, कॉलरची दोन्ही टोकं मापायची. रंग मात्र दुकानातल्या दिव्याखाली बघू नका. दाराशी उजेडात न्या, एक बाही दुसरीपेक्षा फिकी असेल तर तिथेच कळतं.

सेकंड्सचं लेबल बऱ्याचदा कापलेलं किंवा त्यावर काट मारलेली असते. तेवढ्यावरून माल नकली ठरवू नका.

चेन किंवा फीत बघून असली-नकली ठरवणं

वायकेके ही १९३४ साली सुरू झालेली जपानी कंपनी कपड्यांच्या चेन (झिप) बनवते आणि त्या असंख्य ब्रँडना विकते. वर तिच्या नावाचीही नक्कल होते. चेनीवर ती अक्षरं आहेत म्हणून जॅकेट असली ठरत नाही, आणि नाहीत म्हणून नकलीही नाही. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरच्या लाल फितीवर कधी कधी नावच नसतं, नुसतं नोंदणीचं चिन्ह असतं. कंपनी काही माल मुद्दाम तसा काढते. आतली शिवण, खिशाचं कापड आणि धुण्याच्या सूचनांचं लेबल बघा. नक्कल करणारे कंजुषी तिथेच करतात.

टक्क्यांवर जाणं

आधी किंमत फुगवायची आणि मग सूट द्यायची, हे इतकं सर्रास चालायचं की युरोपीय संघाला त्यासाठी नियम करावा लागला. मे २०२२ पासून तिथल्या दुकानदाराला सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवावी लागते. तुम्ही जिथे असाल तिथे असा नियम असो वा नसो, खोडलेला आकडा बोटाने झाका आणि उरलेल्या किमतीला हा कपडा घ्याल का, ते ठरवा.

बाकीच्या चुका

घालून न बघता घेणं. एकाच ब्रँडच्या शोरूमचा आणि आउटलेटचा मीडियम सारखा बसेलच असं नाही. ट्रायल रूममध्ये हात वर करा, खाली बसून बघा.

सीझन संपेपर्यंत थांबणं. तुमचं माप सर्वसाधारण असेल तर ते पहिल्या आठवड्यातच संपतं.

बदलून मिळण्याचा नियम पैसे दिल्यावर विचारणं. तो आधी विचारायचा, आणि बिल जपून ठेवायचं.

फोनवर आलेल्या जाहिरातीतून ब्रँडच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे असलेल्या साइटवर पैसे भरणं. याला माफीच नाही.

चुकीच्या माणसाला विचारणं

ऑफिसातले लोक हमखास सर्वात मोठ्या पाट्यांचं दुकान सांगतात. मी कपडे अल्टर करणाऱ्या टेलरकडे जाते. शहरातल्या सगळ्या दुकानांचे कपडे त्याने आतून उसवून पाहिलेले असतात. एखादी पँट उंचीला कमी करायला द्यायची आणि तो टाके उसवत असताना विचारायचं, “काका, कुठल्या दुकानाचा माल हल्ली चांगला येतो?” तो दुकानांची नावं तर सांगतोच, शिवाय कुठल्या दुकानात सेकंड्स पहिल्या प्रतीचे म्हणून विकतात, तेही सांगतो.