इलेक्ट्रिक कुकर घेतलाय? मग या चुका टाळा

"मावशी, किती शिट्ट्या करू?" हा फोन मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. कधी भाचीचा असतो, कधी सोसायटीतल्या नव्या सुनेचा, कधी हिंजवडीत नोकरीला लागलेल्या आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने रांधणाऱ्या मुलाचा. घरात नवा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आलेला असतो, डाळ कच्ची राहिलेली असते आणि सगळं खापर कुकरवर फुटलेलं असतं. गेली सहा वर्षं कोथरूडच्या आमच्या घरात पाच माणसांचा रोजचा स्वयंपाक मी याच भांड्यात करते. भांडं चांगलं आहे. घाई त्याला चालत नाही, एवढंच.

तर पहिली गोष्ट, याला शिट्टी नसते. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब वाढला की वरचं वजन उचललं जातं आणि वाफ निसटते, ती शिट्टी. इलेक्ट्रिकमध्ये दाब पुरेसा झाला की हीटर आपोआप बंद होतो, दाब उतरायला लागला की पुन्हा चालू होतो. वाफ बाहेर पडायची वेळच येत नाही. म्हणून इथे मिनिटं मोजायची, आणि तीही दाब तयार झाल्यापासून. बटण दाबल्यावर सहा लिटरच्या भांड्यात दाब यायला १० ते १५ मिनिटं जातात. भांडं भरलेलं आणि पाणी गार असेल तर त्याहूनही जास्त. या वेळात झाकणावरच्या पिनेजवळून वाफ फुसफुसते. ते ऐकून पुष्कळ जण घाबरतात आणि कुकर गळतोय म्हणून बंद करतात. करू नका. पिन वर चढली की फुसफुस थांबते.

"तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?" असंही विचारतात. याचं गणित नाही. शिट्टी किती वेळाने होते ते आच, कुकरचा आकार आणि आतलं पाणी यावर ठरतं. तुमच्या आईची तिसरी शिट्टी आणि माझी तिसरी शिट्टी एका वेळेला होणार नाही. शिवाय दाबही वेगळा. आपला नेहमीचा कुकर चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाबावर चालतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर १० ते १२ पौंडांवर थांबतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. त्यामुळे तोच पदार्थ इथे थोडा जास्त वेळ मागतो. मी स्वयंपाकघराच्या दारामागे एक वही टांगली आहे. आमची तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली, थेट भांड्यात: ९ मिनिटं. मोड आलेली मटकी: २. रात्रभर भिजवलेले छोले: २५. तुमची वही तुम्ही करा, कारण तुमची डाळ वेगळ्या दुकानातली असेल. राइस, बीन असली तयार बटणं मी वापरत नाही. मिनिटं हाताने लावते.

डब्यांचा कुकर यातही लागतो. तळाला दीड फुलपात्र पाणी, त्यावर जाळी, खाली डाळीचा डबा, वर तांदळाचा, त्यावर ताटली. १२ मिनिटं आणि मग १० मिनिटं हात लावायचा नाही. आंबेमोहोराचा मऊ भात हवा असेल तर याहून सोपं काही नाही.

आता ती चूक, जिचा मला खरोखर राग येतो. यंत्राने बीप दिलं की लगेच वाफेचा खटका फिरवणं.

दोन वर्षांपूर्वीची होळी. भाची बाणेरला राहते. पुरणासाठी तीन वाट्या हरभराडाळ घातली होती, कटाची आमटी करायची म्हणून पाणी सढळ, भांडं पाऊणपेक्षा जास्त भरलेलं. वेळ संपली, बीप वाजलं, त्याच क्षणी दारावर सासरची माणसं. फोनवर कुठल्याशा व्हिडिओत 'झटपट वाफ सोडा' असं पाहिलेलं होतं. तिने खटका फिरवला. आधी वाफ आली, मग फेस, मग हळदीचं पिवळं पाणी सरळ वर. तो कट वरच्या कपाटाच्या तळाला लागला, तिथून टाइल्सवर ओघळला, छतावर ताटलीएवढा डाग पडला, आणि तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. मी फोनवर होते. आधी तिला हात वाहत्या गार नळाखाली २० मिनिटं धरायला लावला. बर्फ नको, टूथपेस्ट नको. तेवढ्यात तिचा नवरा झाकण उघडायला निघाला, कारण वाफ यायची थांबली होती. वाफ थांबली होती ती फेस झडपेत अडकल्यामुळे. पिन अजून वरच होती, म्हणजे आत दाब होताच. मी फोनवर ओरडले म्हणून त्याने हात मागे घेतला. त्याने जोर लावला असता तर काय झालं असतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

डाळ, तांदूळ, कडधान्य, खीर यांना फेस येतो. दाब एकदम उतरला की आतलं गरम पाणी एकाच वेळी सगळीकडून उकळतं आणि फेस घेऊन वर धावतं. म्हणून या पदार्थांना भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही; बाकीच्यांना दोन तृतीयांश ही हद्द. डाळीत चमचाभर तेल घालायचं. आणि वेळ संपल्यावर १५ ते २० मिनिटं थांबायचं. पिन आपोआप खाली पडली की मगच झाकण. या वेळात डाळ आतल्या आत शिजतच असते, म्हणून हा वेळ वाया जातो असं म्हणू नका. तेवढ्यात फोडणी करा, कोशिंबीर करा. हिरव्या भाज्या, अंडी यांची वाफ लगेच सोडली तर चालते; तीही लांब दांड्याच्या चमच्याने खटका सरकवून, तोंड बाजूला ठेवून.

दुसरी तक्रार 'बर्न'ची, म्हणजे तळ करपला की यंत्र दाखवतं त्या इशाऱ्याची. कांदा-खोबऱ्याचं वाटण तळाशी परतलं, खमंग लागलं, त्यावर टोमॅटो आणि लगेच झाकण. तळाला चिकटलेला थर करपतो आणि यंत्र काम थांबवतं. परतून झालं की बटण बंद करून अर्धी वाटी गरम पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून मोकळा करा. उलथनं सगळीकडे गुळगुळीत फिरलं पाहिजे. टोमॅटोचा रस शेवटी वरून घाला, ढवळू नका. पिठलं, झुणका यात करू नका. बेसन तळाशी बसतंच, त्यासाठी कढई आहे.

डाळ शिजत नाही म्हणून सोडा घालणारे भेटतात. आधी बघा, चिंच किंवा आमसूल आधीच घातलंत का? आंबटाने डाळीचं साल आणि गर घट्ट राहतो. चिंच-गूळ डाळ शिजून घोटल्यावर. दुसरं कारण पाणी. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये डाळ हट्टी होते. तिथे शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. वर्षभर डब्यात पडलेली डाळ असेल तर मात्र मिनिटं वाढवण्यावाचून इलाज नाही.

राजमा 'स्लो कुक'वर कधीही लावू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं आणि कमी आचेवर ते नष्ट होत नाही. उलट्या-जुलाबांनी घर आडवं होतं. रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि पूर्ण दाबावर शिजवा.

बारीकसारीक चुका एका दमात सांगते. आतलं भांडं न ठेवता डाळ ओतणं; हसू नका, दोन घरांत पाहिलंय. भांड्याचा तळ ओला ठेवून आत बसवणं. कुकर गॅसच्या शेगडीवर ठेवणं. नॉब चुकून फिरला की खालचं प्लॅस्टिक वितळतं. तकलादू एक्स्टेंशन बोर्डावर लावणं. उन्हाळ्यात भिजवलेली डाळ टायमरवर रात्रभर ठेवणं; सकाळपर्यंत आंबते.

आणि गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच, तरी लोक अकराला कुकर लावतात. मध्येच वीज गेली तर झाकणाशी झटू नका, पिन पडू द्या. वीज आल्यावर पुष्कळ कुकर उरलेली मिनिटं विसरलेले असतात, म्हणून बटण दाबताना वेळ किती झाली होती ती वहीत लिहून ठेवते. गुरुवारी मी नऊच्या आत वरण उरकते.

शेवटी रबराची रिंग. दर वेळी झाकण लावण्याआधी मी तिच्यावरून बोट फिरवते. एका जागी जरी उचललेली असली तरी दाब येत नाही आणि तास फुकट जातो. ही रिंग वास धरून ठेवते. कांदा-लसूण मसाल्याच्या उसळीनंतर त्याच रिंगवर खीर केलीत तर खीर कोणी खाणार नाही. म्हणून दोन घ्या, एक तिखटाची, एक गोडाची. धुतल्यावर रिंग काढून वाळवा, आणि झाकण भांड्यावर उलटं ठेवा.