शहराबाहेर घर घेताय? आधी सेप्टिक टँकचं झाकण शोधा

नव्यानेच घर घेतलेल्या एका जोडप्याला परवा विचारलं, "तुमची टाकी कुठे आहे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. घर बघताना आपली मंडळी शाळा, स्टेशन, ऊन-वारा सगळं विचारतात, पण सांडपाणी कुठे जातं हे विचारायला संकोचतात. आम्हीही विचारलं नव्हतं, आणि ते फार महागात पडलं.

टाकी मैला साफ करते, हा पहिला गैरसमज. ती तो फक्त अडवते. जड भाग तळाशी बसून गाळ होतो, तेल-तूप वर साय धरतं आणि मधलं पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपातून जमिनीत पुरलेल्या भोकांच्या पाइपांत, म्हणजे शोषचरांत जातं. हवेविना जगणारे जिवाणू गाळ थोडा कमी करतात, पण संपवत नाहीत. पाणी खरं शुद्ध होतं ते चरांखालच्या मातीत. तेव्हा जपायची ती माती.

आमची चूक इथेच झाली. फ्लश नीट चालतोय, मग टाकी कशाला उपसायची, असं म्हणत आम्ही ९ वर्षं काढली. गाळ वाढत बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी आला आणि पाण्याबरोबर चरांत शिरला. आधी अंगणात एका पट्ट्यातलं गवत जास्तच हिरवं झालं. आम्हाला ते छान वाटलं. मग तिथे चिखल झाला, वास सुटला आणि एका पावसाळी रात्री खालच्या न्हाणीघरात घाण पाणी उलटं आलं. टाकी उपसता आली, तुंबलेली माती कशी उपसणार? सगळे चर दुसऱ्या जागी नव्याने खणावे लागले. फ्लश चालतोय म्हणजे टाकी ठीक आहे, असं कृपा करून समजू नका. साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसाच. माणसं जास्त आणि टाकी लहान असेल तर त्याआधी.

टाकी उपसायला टँकर येईल तेव्हा घरी थांबा. मोठं झाकण उघडायला लावा. तपासणीच्या बारीक पाइपातून नळी घातली तर नुसतं पाणी जातं, गाळ तळाशीच राहतो. कप्पे दोन असतील तर दोन्ही रिकामे करून घ्या. बाहेरच्या तोंडाचा टी-पाइप, म्हणजे वरची साय चरांत जाऊ न देणारा T आकाराचा तुकडा, शाबूत आहे ना, ते बघायला सांगा. गाळ किती होता ते तारखेसह लिहून ठेवा. काही दिवसांत टाकी पुन्हा भरलेली दिसेल, तेव्हा घाबरून टँकरवाल्याला दोष देऊ नका. बाहेरच्या पाइपापर्यंत पाणी असणं हीच तिची नेहमीची स्थिती. त्याच्या वर चढलं तर मात्र चरांकडे बघा.

टाकीत स्वतः उतरू नका, डोकावूही नका. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने नाकच बधिर होतं, त्यामुळे वास थांबला म्हणजे वायू गेला असं नसतं. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जिवाला मुकतात. मुलं असतील तर झाकण पक्कं बंद हवं.

ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, तळणीचं तेल संडासात किंवा सिंकमध्ये नको, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. जिवाणूंच्या पुड्या विकत घेऊ नका, जिवाणू मैल्यातच असतात. कपडे एकाच दिवशी ढीगभर धुऊ नका, कारण पाण्याच्या लोंढ्याबरोबर गाळही वाहून जातो. पागोळ्यांचं पाणी टाकीत सोडू नका. चरांवर गाडी उभी करायची नाही, झाडं लावायची नाहीत.

कागदपत्रांत नकाशा नसेल तर मैल्याचा पाइप कोणत्या भिंतीतून बाहेर पडतो ते बघा आणि त्याच दिशेने शोधायला लागा. शेजारची माणसं आपणहून काही सांगत नाहीत, पण विचारलं की जीव लावून मदत करतात. आमचं झाकण शेजारच्या आजोबांनी दाखवलं, फुलांच्या वाफ्याखाली वीतभर मातीत.