वर्तुळाचा चौरस करायला बसलात? या चुका टाळा

देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ६१७४ ची गंमत शोधून काढणारे द. रा. कापरेकर आपल्या नाशकातले. तेव्हा इथे कुणी आकड्यांच्या नादी लागलं तर नवल नाही. पण ‘नुसता कंपास आणि बिनखुणांची पट्टी घेऊन वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढला’ असं कुणी म्हणालं, की आधी त्याची वही बघावी.

वहीत बहुधा पहिल्याच ओळीत पाय (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) बरोबर २२/७ धरलेला सापडतो, आणि तिथेच विषय संपतो; ती किंमत फक्त जवळपासची. भास्कराचार्यांनीही लीलावतीत २२/७ व्यवहारापुरतं स्थूल मानून ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान वेगळं दिलंय. तेही ३.१४१६ च, म्हणजे जवळपासचं.

दुसरी चूक जास्त फसवी: आकृती जुळली म्हणजे सिद्ध झालं असं मानणं. √२ आणि √३ लांबीच्या रेघा कंपासने बिनचूक काढता येतात. त्यांची बेरीज ३.१४६३. ती π समजून ५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा चौरस काढला, तर बाजू येते ८.८६९ सेंमी; हवी ८.८६२. फरक ०.०७ मिलिमीटर! तुमच्या पेन्सिलीची रेघच याच्या कितीतरी पट जाड. म्हणून पट्टी लावून तपासू नका. बाजूचं सूत्र मांडा, कॅल्क्युलेटरवर सहा दशांश स्थळांपर्यंत काढा, चूक बहुधा लगेच उघडी पडते.

‘पाय अपरिमेय आहे (दोन पूर्णांकांच्या भागाकारात मांडता येत नाही), म्हणून जमत नाही’ हे चांगले शिकलेलेही सांगतात. चूक. √२ अपरिमेयच, तरी १ बाजूच्या चौरसाचा कर्ण काढला की हातात येतो. लँबर्ट या गणितज्ञाने १७६० च्या दशकात πची अपरिमेयता सिद्ध केली, तरी कोडं शिल्लकच राहिलं. १८८२ साली लिंडेमान या गणितज्ञाने दाखवलं, की पूर्णांक सहगुणकांच्या कुठल्याच बहुपदी समीकरणाचं उत्तर पाय असू शकत नाही. कंपास-पट्टीने मात्र तसल्याच समीकरणांची उत्तरं मिळतात. पट्टीवर खुणा केल्या तर कोनाचे तीन समान भाग होतात, पण इथे त्यांचाही उपयोग नाही.

आणि ‘अशक्य’ म्हणजे कशानेच अशक्य, असंही नाही. भांडीबाजारातला गोल डबा घ्या, त्रिज्येच्या निम्म्या उंचीवर त्याच्याभोवती खूण करा आणि तेवढ्या पट्ट्याला रंग लावून कागदावर एक पूर्ण फेरी घरंगळवा. उमटलेल्या आयताचं क्षेत्रफळ डब्याच्या तळाएवढंच. त्या आयताचा चौरस दहावीतल्या भूमितीमध्याने (लांबी गुणिले रुंदीचं वर्गमूळ ही बाजू) होतो. फक्त घरंगळवणं ग्रीकांच्या ‘नुसता कंपास आणि पट्टी’ या नियमात बसत नाही.