मार्शल आर्टच्या वर्गात पहिले पाऊल: नागपूरकर कुटुंबांसाठी

मुलांना किंवा स्वतःला कराटे, ज्यूदो, तायक्वांदो यांपैकी काही शिकायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न ‘यांतले कोणते चांगले?’ असाच निघतो. माझ्या मते हा प्रश्न नंतर सोडवावा. नवशिक्याचे भले-बुरे प्रकारापेक्षा शिकवणाऱ्या माणसावर अधिक अवलंबून असते, आणि तो माणूस कसा आहे हे फलकावरून किंवा भिंतीवरच्या पदकांवरून कळत नाही. त्यासाठी एका कोपऱ्यात बसून अख्खा वर्ग पाहावा लागतो.

मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, आठ वर्षांच्या मुलीबरोबर ज्यूदोला नाव घातले. त्याआधी पाहिलेल्या एका ठिकाणी एक लहानगा मुलगा त्याच्याहून दीडपट मोठ्या मुलासमोर उभा केला गेला, आपटला आणि रडू लागला, तेव्हा ‘रडतोस काय, ऊठ’ एवढेच त्याच्या वाट्याला आले आणि बाकीची मुले हसली. आम्ही तिथून परत आलो. दुसऱ्या ठिकाणीही एक मुलगा वेडावाकडा पडला. पण तिथल्या सरांनी सगळ्यांना थांबवले, गुडघ्यांवर बसून त्याला मान आणि मनगट हलवून दाखवायला सांगितले, मग तेच पडणे त्याच्याकडून तीनदा सावकाश करवून घेतले आणि ‘पुढे खेळायचे की बसायचे?’ असे त्यालाच विचारले. आम्ही तिथेच प्रवेश घेतला. वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याशी कसे वागले जाते, हे पाहिले की बाकीचे बरेचसे आपोआप कळते.

वर्ग पाहायला जाताना रोज जमेल असे अंतरही डोक्यात ठेवावे. घर मानेवाड्याला आणि वर्ग सदरला असला, तर संध्याकाळी सीताबर्डीची गर्दी ओलांडून आठवड्यातून दोनदा पोहोचण्याचा उत्साह दुसऱ्या महिन्यात ओसरतो. घराजवळचा साधा पण नियमित वर्ग नवशिक्याला अधिक लाभतो. पालकांना बसून वर्ग पाहू दिला जात नसेल, तर तिथे मुलाला घालू नये. याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. सरांनी काळा पट्टा कोणत्या संस्थेतून आणि कोणाच्या हाताखाली मिळवला हे मोकळेपणाने विचारावे, कारण खरोखर शिकलेला माणूस आपल्या गुरूंचे नाव आनंदाने सांगतो. फीविषयी विचारताना महिन्याच्या रकमेवर थांबू नये. गणवेश, पट्ट्याच्या परीक्षा, सभासदत्व आणि स्पर्धांचा प्रवास धरून वर्षाचा एकूण खर्च विचारावा. वर्षभराची फी आगाऊ मागितली जात असेल, तर आधी एक महिना येऊन पाहण्याची परवानगी मागावी.

आता प्रकारांविषयी. कराटे मूळचे ओकिनावा बेटांवरचे. त्यात ठोसे, लाथा आणि अडवणूक यांचा सराव असतो, शिवाय ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली एकट्याने घोटायच्या असतात. लाजऱ्या मुलांना हे बरे पडते, कारण सुरुवातीला कोणाच्या अंगाशी भिडावे लागत नाही. तायक्वांदो कोरियाचे असून त्यात लाथांवर भर असतो. ज्यूदो जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत सुरू केले आणि त्यात पकड, फेक व जमिनीवरची झुंज असते. ब्राझिलियन जिउ-जित्सूत जमिनीवरच्या झुंजीवर आणखी भर असतो. कुस्तीच्या आखाड्याचा वारसा घरात असेल, तर शेवटचे दोन प्रकार लवकर अंगवळणी पडतात. ऑलिम्पिकचा विचार करणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की ज्यूदोचा समावेश १९६४ साली झाला आणि तायक्वांदोत २००० पासून पदके दिली जातात. कराटे मात्र २०२१ साली पार पडलेल्या टोकियोच्या स्पर्धेत होते आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हते.

पहिल्या दिवशी गणवेश विकत घेण्याची घाई करू नये. सैल पायजमा आणि जाड टी-शर्ट पुरतो. नखे कापलेली असावीत. बांगड्या, कानांतले, गळ्यातले आणि अंगठी घरीच काढून ठेवावी, कारण पकडीत अडकलेली साखळी दोघांनाही इजा करते. मॅटपर्यंत चपला घालून जावे आणि पाय धुऊन मॅटवर यावे. जेवण दोन तास आधी झालेले असावे. सकाळच्या वर्गाआधी तर्री-पोहे खाऊन आलेल्या माणसाचे पहिल्या कोलांटीलाच हाल होतात. दमा, रक्तदाब, जुनी पाठदुखी असे काही असल्यास डॉक्टरांना विचारून यावे आणि सरांना वर्ग सुरू होण्याआधीच सांगावे.

शिकण्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पडणे. कोणत्याही प्रकारात पाय सटकतो, ज्यूदोत तर पाडणे हाच खेळ आहे, म्हणून पडण्याचा सराव न करवता झुंजायला लावणारा वर्ग सोडून द्यावा. सुरुवात पाठीवर झोपून होते. हनुवटी छातीला टेकवून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोके जमिनीवर आपटत नाही. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन शरीरापासून थोड्या तिरक्या अंतरावर, तळवे खाली करून, एकदम मॅटवर आपटायचे आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. हे जमल्यावर उकिडवे बसून मागे लोळायचे, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी उभ्याने पडायचे. सगळ्यांची चूक एकच असते: पडताना हात मागे टेकवून स्वतःला सावरायला जाणे. त्यात शरीराचा सारा भार मनगटावर किंवा कोपरावर येतो आणि हाड मोडू शकते. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला, तेव्हा हनुवटी विचार करण्याआधीच छातीला लागलेली होती.

दुसरी शिकवण थांबण्याची. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटले की समोरच्याने त्याच क्षणी पकड सोडायची, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला गेला पाहिजे. लहान मुलांना गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव शिकवू नयेत. डोक्याला मार लागून गरगरले, उलटीसारखे झाले किंवा मूल गोंधळलेले वाटले, तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचे नाही आणि डॉक्टरांकडे जायचे.

पहिले तीन महिने आठवड्यातून दोन वर्ग पुरेत. मांड्या आणि पोट दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यातली टोचणारी किंवा सुजेसह येणारी वेदना मात्र अंगावर काढू नये.

नागपुरात ऋतूचाही विचार करावा लागतो. विदर्भातल्या शाळा जूनमध्येही बरेच दिवस बंद असतात, म्हणून उन्हाळी शिबिरांना मुले घालण्याचा मोह होतो. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी सहालाही भट्टीसारखे वाटते. शिबिरात घालायचेच असेल तर सकाळी आठच्या आत संपणारे निवडावे, आणि मुलाने मागितल्यावर नव्हे तर दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी दिले जाते का, ते पाहावे. पावसाळ्यात ओलसर मॅटवरून गजकर्ण पसरते, म्हणून घरी येताच अंघोळ करावी, गणवेश दर वर्गानंतर धुवावा आणि त्वचेवर गोल चट्टा दिसल्यास बरा होईपर्यंत मॅटपासून दूर राहावे. नव्याने सुरुवात करण्यासाठी मला दसऱ्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले वाटतात.

काही महिन्यांनी पट्ट्याची पहिली परीक्षा समोर येते. सोबतची मुले बसणार म्हणून आपणही बसावे असे नाही; ‘सर, अजून काय कच्चे आहे?’ असे विचारावे आणि उत्तर नेमके मिळते का ते ऐकावे. माझी मुलगी पहिल्या खेपेला बसली नाही, कारण डाव्या कुशीवर पडताना तिचा हात अजूनही मागे जात होता. दोन महिने ती तेवढीच एक बाजू घोटत राहिली आणि पुढच्या परीक्षेला बसली.