गिम्पवर बोलायचंय? एकच फोटो घ्या

परिषदेत गिम्प या फोटो-संपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर बोलायला पंचवीस मिनिटं मिळाली, तर मेनूंची सहल घडवू नका. एक फोटो घ्या आणि तो लोकांच्या डोळ्यांदेखत छपाईपर्यंत न्या. मी वडाळ्याच्या एका छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या फाइल-तयारीला, बसतो, गिम्प रोज वापरतो. टूल्सची यादी सभागृहाबाहेर पडेपर्यंत विसरली जाते, पुरं झालेलं काम मात्र लक्षात राहतं, हे माझं ठाम मत आहे.

फोटो आपल्याकडचाच हवा. गिरगावातली चाळ घ्या: लाकडी कठडा, वाळत घातलेल्या साड्या, समोरून आडव्या गेलेल्या केबलच्या तारा. स्वतः काढलेला असू द्या, आणि त्यात चेहरे ओळखू येत असतील तर त्या माणसांना आधी विचारा.

तारा पुसणं हा भाषणाचा गाभा, त्याला निम्मा वेळ द्या. आधी लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत करा, म्हणजे मूळ फोटो खाली शाबूत राहतो. आकाशावरच्या तारेला हील टूल: कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक, मग तारेवरून ब्रश. तार गेली की सभागृहात हमखास कुजबुज होते. लगेच तोच ब्रश तार कठड्याला टेकते तिथे मुद्दाम फिरवा. डाग पडेल, कारण हील टूल आजूबाजूचा रंग आणि उजेड मिसळून घेतं, आणि कडेपाशी लाकूड व भिंत एकमेकांत उतरतात. पडलेला डाग अनडू करा, क्लोन टूल घ्या, कठड्याचाच पुढचा तुकडा उचलून तिथे बसवा. कुठलं टूल कधी, हे लोकांना इथे कळतं, आणि ते सांगायला स्लाइड लागत नाही.

पुढे कर्व्ह्‌ज, म्हणजे उजेड-सावलीचा तोल बदलणारं फिल्टर. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत हे फिल्टर लेयरवर वेगळं राहतं, हवं तेव्हा बंद करता येतं, पुन्हा उघडून बदलता येतं. २०१८ च्या २.१० मध्ये ते चित्रातच मिसळून जायचं. जुनी आवृत्ती वापरणारे समोर असणारच, त्यांच्यासाठी डोळ्याचं चिन्ह दोनदा बंद-चालू करून दाखवा.

मग मथळा: ‘दुसऱ्या मजल्यावरची चाळकरी मंडळी’. फॉन्ट मुक्त घ्या, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ घेतलात तर उत्तमच. जोडाक्षरं नीट बसतात, कारण अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही मुक्त लायब्ररी करते.

इतिहास तीन मिनिटांत आटपा. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प लिहायला घेतला. सुरुवातीला बटणं-खिडक्यांसाठी वापरलेलं मोटिफ मुक्त नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच कामासाठी स्वतःचं जीटीके बनवलं. पुढे लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप त्याच जीटीकेवर उभा राहिला. एवढंच सांगा, पण मनापासून सांगा, कारण हे काम किती दूर पोचलं ते त्यातूनच समजतं.

प्रोजेक्टरवर गडद थीममधली चिन्हं दिसत नाहीत. आदल्या दिवशी उजळ थीम लावा, चिन्हांचा आकार वाढवा. प्रत्येक टप्प्याची एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची) फाइल वेगळी साठवा, लॅपटॉप अडला तर पुढची उघडून बोलत राहा. फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसतात, तेव्हा लॅपटॉप स्वतःचाच न्या. तालीम मोठ्याने, घड्याळ लावून करा, शक्यतो बॅनरचं दुकान चालवणाऱ्या ओळखीच्या माणसासमोर. खरे प्रश्न तोच विचारेल.

त्यातला पहिला असेल, ‘सीएमवायके होतं का?’, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांत फोटो देता येतो का. स्पष्ट सांगा: काम आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या रंगांतच चालतं, पण छापखान्याचं रंग-प्रोफाइल लावून रंग आधी पाहता येतात आणि ३.० मधून सीएमवायके टिफ फाइल काढता येते. दुसरा पीएसडीचा, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलचा. उघडते, पण क्लिष्ट इफेक्ट जसेच्या तसे येतीलच असं नाही. अशी एक फाइल आधी उघडून पाहा आणि जे दिसलं तेच सांगा. फोटोशॉपशी कुस्ती लावू नका, ज्याचं पोट त्यावर चालतं त्याला दुखवून काही मिळत नाही.

शेवटच्या स्लाइडवर दोन नावं ठेवा आणि प्रश्नोत्तरं संपेपर्यंत ती हलवू नका. शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प, तिथे गिम्पचे धडे आहेत. हातभार लावायचाय त्यांच्यासाठी ग्नोमचं भाषांतराचं व्यासपीठ ‘डॅम्ड लाइज’. गिम्पच्या मराठी मेनूंचं काम तिथूनच चालतं, आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.