पावसाआधी: निवाऱ्यातल्या मुलांसाठी प्रशिक्षण घेताना

आखाजी (अक्षय तृतीया) उलटली की पूर-निवाऱ्यातल्या मुलांच्या संरक्षणाच्या प्रशिक्षणाची तारीख पक्की करा. मृग लागला की अर्धं गाव कापसाच्या लागवडीत असतं, मग बोलावलेली माणसं येत नाहीत, आली तरी मन शेतात असतं. दोन पूर्ण दिवस मागून घ्या. कायदा एका दिवसात सांगून होतो, पण घाबरलेल्या लेकराशी बोलायचं कसं, ते राहून जातं.

जागा म्हणून तालुक्याचं सभागृह नको. पुराच्या वेळी जी जिल्हा परिषद शाळा निवारा होणार आहे, तिथेच वर्ग भरवा. ३१ ऑगस्ट २०२१ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, तशी वेळ आली तर याच खोल्यांत माणसं येणार. म्हणून पहिला तास चालत शिकवा. संडासाला आतून कडी लागते का, तिथवर रात्री उजेड असतो का, दहा वर्षांची मुलगी एकटी तिथे जाऊ शकेल का, हे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

अंगणवाडी सेविका, आशा, मुख्याध्यापक, तलाठी, पोलीस पाटील आणि ठाण्यातले बाल कल्याण पोलीस अधिकारी यांना एकाच सतरंजीवर बसवा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून एक जण आणि बाल कल्याण समितीचा, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीचा, एक सदस्य हवाच. या लोकांनी एकमेकांना आधी पाहिलेलं असलं, तर रात्री दोनला फोन करताना संकोच होत नाही. नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे घेणार असाल तर पावरी आणि भिली बोलणारी सेविका आधी शोधा. मोठ्या भावंडाला दुभाषी करू नका, नको ते त्याच्याच तोंडून वदवलं जातं. जळगाव-धुळ्याकडे ‘तुनं नाव काय शे?’, ‘भूक लागनी का?’ एवढ्या अहिराणीतल्या दोन वाक्यांनीही पोर मान वर करतं.

आता सगळ्यात जास्त वेळ ज्याला द्यायचा ते: एकटं सापडलेलं मूल. मानवतावादी कार्यात बालसंरक्षणाची जी २८ किमान मानकं २०१९ साली सुधारून निघाली, त्यातलं तेरावं याच मुलांबद्दल आहे. नोंदीचा कागद प्रत्येकाकडून हाताने भरून घ्या: नाव, घरी कोणत्या नावाने हाक मारतात, गाव, पाडा, अंगावरचे कपडे, कुठे सापडलं, कोणी आणलं, सोबत कोण होतं. भावंडं एकत्रच. हे मी आग्रहाने सांगते, कारण एका निवाऱ्यात आम्ही बहीण-भावाची नोंद दोन वह्यांत केली आणि दोघांना दोन शाळांत पाठवलं. ताई रात्रभर जेवली नाही. ती काय विचारते आहे ते आम्हाला सकाळी कळलं.

दुसरा सराव ताबा मागायला आलेल्या माणसाचा. आपल्याकडे मूल कोणालाही मामा म्हणतं, त्यामुळे ‘हा माझा मामा’ हा पुरावा नव्हे. मुलाला वेगळं विचारा, माणसाला वेगळं विचारा, दोन्ही उत्तरं जुळवा, ओळखपत्राची नोंद घ्या. तरीही शंका उरली तर ताबा देऊ नका. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार असं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. ‘आम्ही सांभाळतो हो’ म्हणणारं भलं कुटुंब पुढे आलं तरी हाच रस्ता.

मानसिक प्रथमोपचार तीन शब्दांत बसतो: पाहा, ऐका, जोडून द्या. यात मुलाला पुन्हा पुन्हा ‘पाणी कसं आलं’ विचारणं बसत नाही. प्रत्येक पाहुण्यासमोर तीच गोष्ट सांगायला लावलेलं मूल मी पाहिलं आहे, तिसऱ्या वेळी ते फक्त भिंतीकडे बघत होतं. फोटोचंही तसंच. मुलाची ओळख उघड करणं याच कायद्यात गुन्हा आहे, हे मदतीचे खोके घेऊन येणाऱ्यांना दारातच सांगायची तालीम करा. दुधाची पावडर सरसकट वाटू नये, अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा आणि गरम जेवण द्यावं, हे आशांना पाच मिनिटांत पटतं.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सोनुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात बसून मिटवायचं नाही. यावर पोलीस पाटलांशी मोकळेपणी बोला, कारण दबाव त्यांच्यावरच येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघण्याआधी शाळेच्या कपाटात एक पिशवी भरून ठेवा: कोरे नोंदीचे कागद, पेन, मनगटावर बांधायच्या पट्ट्या, दोन बॅटऱ्या, आडोशासाठी साड्या, खडू, एक चेंडू. फोन बंद पडतात, म्हणून १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि बाल कल्याण समितीचे क्रमांक जाड अक्षरात लिहून आतून चिकटवा. किल्ली दोघांकडे द्या आणि त्या दोघांची नावं कपाटाच्या दारावर लिहा.